उपाशीपोटीची साखर

न्हाय खाल्ली! तुमाला सांगतो, जिलबी न्हाय, गूळ न्हाय, चहात साखरंचा दाणा न्हाय... मी काय बी खाल्लं न्हाय, तरी आमच्या घरात चोर कोण? मी! झुंबर नाव माझं! अंथुर्ण्यात डाळिंबाची बाग हाय माझी, चार लोक 'आबा' म्हणत्यात, आन बायको म्हणतीय चोर!

झालं काय, मला मधुमेह निघाला. निघाला तर निघाला, गोळी घेतो, पथ्य पाळतो. पर सकाळी उपाशीपोटी बोटात सुई टोचली की मशिनवर साखर वाढलेलीच! अर्धी भाकरी आन मेथी खाऊन झोपलेला माणूस, ह्याची साखर झोपंत वाढतीया? छबूबाई, म्हंजी आमची मंडळी, मशिनकडं बघती, मग माझ्याकडं बघती...

"रातच्याला उठला हुता न्हवं?"

"अगं, लघवीला!"

"लघवी काय फडताळात हाय का?"

गुळाची ढेप फडताळात, फडताळाला कुलूप, किल्ली हिच्या कमरंला. मी खाल्लं न्हाय हो!

पर कळस झाला वडगाव निंबाळकरला, मेव्हण्याच्या पोराच्या साखरपुड्यात. भरल्या पंगतीत वाढपी माझ्यापतूर आला न आला, ही बायकांच्यातनं उभी राहून वरडली, "त्यांच्या पानात जिलबी नगं! चोरून खात्यात ते!" समदी पंगत हसली! व्याही हसले, वाढपी हसला... शेजारच्या पानावरचा संभाजीतात्या, ज्याला सोताची कवळी धड सांभाळंना, त्यो बी हसला! माझं डोकं असलं फिरलं, तसाच उठलो पानावरनं. घरी येऊन बी नुसती गोळी घेतली, जेवलो न्हाय. म्हणलं, ताटच शिवत न्हाय, बघू कुठनं वाढतीया साखर!

सकाळी सुई टोचली... कालच्यापरास जास्त! छबूबाईनं हातच जोडलं, "आता उपास धरून बी चोरी?"

मग लेकीला फोन लावला. सुप्रिया आमची, जळोचीला दिलीय, बारामतीत कॉलेजात जीवशास्त्र शिकवती. आली ती मलाच वरडली, "आबा, गोळी घेऊन उपाशी राहत्यात का?" मग आईकडं वळली. "आई, आबांनी खाल्ली नाही साखर. त्यांच्या लिव्हरनं सोडली. पोटात काही नसलं की लिव्हर स्वतःच साखर तयार करून रक्तात सोडतं, पेशी उपाशी राहू नयेत म्हणून. इन्सुलिन त्याला सांगतं, 'बास, पुरे!' आबांचं लिव्हर ते ऐकतच नाही. बाकीच्या पेशीही तसल्याच, साखर दारात उभी आणि ह्या आत घेत नाहीत!"

म्हंजी बघा! एकूणएक पेशी मी पोसली, आन हुकूम कुणाचाच ऐकत न्हाईत! मी तिकडं अपमान गिळून पंगतीतनं उठतोय, आन ह्ये लिव्हर आत बसून साखर वाटतंय, ह्याचाच साखरपुडा असल्यागत! कुणाला इचारून?

पर आळ तर गेला! म्हणलं, "ऐकलंस? मी खाल्लं न्हाय! आता चल वडगावला, त्याच लोकांम्होरं सांग!"

छबूबाईनं पदरानं डोळं पुसलं. "भ्या वाटतं हो मला. माझ्या बाचा पाय ह्याच रोगानं गेला." मग मी बी नरमलो, आता बायको रडाय लागल्यावर भांडायचं कसं?

तवर तिनं पदर खोचला.

"एक सांगा. लिव्हर कुणाचं?"

"माझं."

"आन साखर कुणी सोडली?"

"...लिव्हरनं."

"मग?"

म्हंजी चोर फिरून मीच! चपला घातल्या आन तिच्या मागनं चालाय निघालो... डॉक्टर म्हणतोय, रोज चाला.