नानु बसुरी

मला कन्नड येतं का, हे मला विचारू नका. बसवनगुडीत विचारा, तिथं अजून हसतील.

कारखान्यातल्या नोकरीसाठी आम्ही नुकतेच बंगळूरला, बसवनगुडीत राहायला गेलो होतो. बायकोला सातवा महिना लागला. माहेरचं कोणी येऊ शकत नव्हतं. ओटी भरायला बायकाच नसतील तर डोहाळजेवण कसलं, म्हणून ती रडकुंडीला आली. शेजारच्या शांताक्का धारवाडच्या, त्यांना मराठी येई. बायको म्हणाली, "आमंत्रणाला त्यांना बरोबर न्या."

"चार शब्द बोलायला वकील कशाला?" मी म्हणालो.

गर्भारणीला कन्नडात बसुरी म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. 'नानु' म्हणजे 'माझी', असं मी धरून चाललो. प्रत्येक दारात ताठ उभा राहून सांगितलं, "नानु बसुरी. शुक्रवार ऊटक्के बन्नी." म्हणजे शुक्रवारी जेवायला या. बायका तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मला वाटलं, लाजल्या.

शुक्रवारी झाडून सगळ्या आल्या. बायको हरखली. मी मिशीवर हात फिरवला. "बघितलंस माझं कन्नड?"

शांताक्कांनी तिची ओटी भरली आणि तांदळानं भरलेलं सूप घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "अण्णा, नानु म्हणजे मी. तुम्हीच गर्भार आहात असं गल्लीभर सांगून आलात. आता धोतराचा सोगा पसरा."

पुढं मुलगी झाली. बर्फी घेऊन आधी शांताक्कांकडेच गेलो. दार उघडून म्हणाल्या, "अण्णा, ओली बाळंतीण अशी उन्हात फिरते होय?"