कुंतीचं कुंपण

नर्सरीच्या काउंटरपुढची रांग हलेना, माझं डोकं फिरायला लागलं होतं. पुढे एक काकू झाडं छाटायची मोठी कातर घेऊन उभ्या होत्या, सोबत त्यांची लेक.

"आई, नको ना गं कापू. सगळं कुंतीचं कुंपण फुलांनी पांढरं झालंय."

"तुझे बाबा दुपारी दवाखान्यातून घरी येतायत. त्यांना कुंपण कसं लागतं? पट्टीने आखल्यासारखं. घरची कातर गंजलीय, म्हणून ही नवी घेतेय."

"वीस वर्षं दर रविवारी कापत आले, म्हणून तर कधी कळी धरली नाही. कुंतीला फुलं येतात हेच मला ठाऊक नव्हतं."

"मला तरी कुठे होतं? तीन महिने ते नव्हते, तर बघ. पहाटे वासानेच जाग येते. वाटतं, दुसऱ्याच कुणाच्या घरात झोपलेय."

"मग राहू दे की."

"राहू दे काय! फोनवर रोज विचारायचे, कुंपण कापलंस का? मी रोज हो म्हणायचे."

"रोज? कुंपण आहे की दाढी?"

"हसू नकोस. आजारी माणूस. त्यांना वाटेल, मी नव्हतो म्हणून घर फुललं."



"काकू, कातर बांधून देऊ?" काउंटरवरच्याने विचारलं.

"थांबा हो जरा." काकूंनी फोन लावला. "अहो, ऐकताय ना? कुंपण मी एकदाही कापलं नाही. खोटं बोलत होते... ओरडा नंतर. आधी फाटकाशी उतरलात की डोळे मिटून उभे राहा, मोठा श्वास घ्या. मी आहे धरायला."