सावंतवहिनींची किंकाळी

माझ्यासारखा गाढव दिग्दर्शक तुम्ही पाहिला नसेल. मुलगा गेल्यापासून सावंतवहिनी घरात कोंडून होत्या. मन रमेल म्हणून मीच त्यांना दुबईत अल कुसैसच्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात ओढलं. नाटक जुनं, ग्रीक. देवाला न मानणारा राजा बाईच्या वेषात त्या देवाच्या भक्तिणींवर हेरगिरी करतो, देव सूड म्हणून त्याच्या आईला वेड लावतो आणि ती सिंह समजून पोराचंच मुंडकं तोडते. ती आई मी वहिनींना दिली!

तालमीत, आईने भानावर येऊन किंचाळायचं, ते सोडून वहिनी कापडी मुंडक्याचे केस नीट करत बसल्या. मी ओरडलो, "वहिनी, किंचाळा ना, यल्ला, चला लवकर!"

"कशाला?" त्या म्हणाल्या. "माझा कंपनीत जळाला, तेव्हा सीलबंद पेटी दिली. उघडू नका म्हणाले. हिला निदान तोंड तरी बघायला मिळालं."