काळ्या मातीतली आमरी

नाही, बसा ना त्र्यंबकराव — कालच्या बघण्याचं उत्तर न्यायला आलात, आत्या घरात नाही, मीच देते. विलायतेहून झाडांचं शिकून परतताना मला वाटलेलं, पिंपरीला कारखाने येतायत, म्हणजे माणसं नव्याला भुकेली असतील. आणि सापडलं काय? माझ्या कुंड्या बघून अख्खं चिंचवड हळहळतंय — पोरगी बोटीने गेली आणि उकिरडा वेचायला शिकून आली.

बरोबरच आहे की. भट्टीवर टाकून दिलेले विटांचे तुकडे, दापोडीच्या इंजिनांचे अर्धवट जळके कोळसे, बरकतमियांच्या वखारीतली नारळाची सोडणं — यात लावते मी सीतेची वेणी. आमरी आहे ती, म्हणजे ऑर्किड, आंब्याच्या फांदीवर वाढणारी — तिच्या मुळांना वारा लागतो, माती नाही. तिकडे आमरीसाठी नेच्याची मुळं बोटीने मागवतात. आपल्याला कशाला? आपला कचरा दारात येऊन पडतोय. पण परवा, तुम्ही मुलगी बघायला येणार म्हणून, आत्याने सगळ्या कुंड्या उपसून काळी माती भरली, वर शेणखत, बाहेरून गेरू. पाव्हण्यांसमोर घाण नको ना.

खरं सांगू? मी तिला अडवलं नाही. तुम्ही रसायनशास्त्र शिकलेले — वाटलं, निदान तुम्ही तरी विचाराल, या मातीत मुळं गुदमरणार नाहीत का. साडीसुद्धा माझी मीच निवडली होती, आत्याने नव्हे — जाऊ द्या ते. पोहे खाऊन तुम्ही काय म्हणालात? "आता कशी बाग बागेसारखी दिसतेय. राख-विटांचं खूळ ऐकून आमचे वडील बिचकले होते." वर म्हणालात, बंगल्यावर माळी ठेवणार, मी फक्त फुलं तोडायची. केवढे उदार तुम्ही.

थांबा, हसू नका — आज सकाळी मी ती माती काढून टाकली. मुळं धुतली, विटा-कोळसे परत भरले. मग बरकतमियांकडे जाऊन वखारीमागची मोकळी जागा मागून घेतली; आमरी तिथेच वाढवणार, तिथेच विकणार. आणि आत्याला सांगितलं, त्र्यंबकरावांना नकार कळव. तिच्याच्याने होईना, म्हणून मी सांगतेय. तुमच्या वडिलांना म्हणा, मुलगी पसंत पडली नाही. मुलाकडच्यांचा मान राहील, आणि माझी हरकत नाही. या आता.