प्रिय दिनकर जी, आपकी सलोनी

...नाही, तुम्हीच सांगा, छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, ज्याने कधी कुणाकडून चहाही फुकट घेतला नाही, त्याला एका टीव्हीतल्या सुनेच्या पत्रावर विश्वास ठेवायची काय गरज होती? आमचे हे, दिनकरराव, सेक्शन ऑफिसर, निवृत्तीला तीन महिने राहिलेले, आणि आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सामान बांधायला घेतलेलं. गुडगावला नवे नवे मॉल उघडत होते ना, तेव्हाची गोष्ट. रोज आठ वाजता लागायची ती मालिका आठवते? त्यातली सून, सलोनी. सासू तिला वाट्टेल ते बोलायची आणि ही आपली पदर सावरून 'जी, माँजी.' तर ह्या सलोनीला एका बँकेने धरलं आणि क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीत उभं केलं. चौकाचौकात तीच, हात जोडून.

मग एक दिवस ह्यांच्या नावाने पत्र आलं. गुळगुळीत कागद, वर तिचा फोटो. 'प्रिय दिनकर जी, मैं आपके घर की बहू जैसी हूँ. यह कार्ड लीजिए, कोई भी परेशानी हो तो मुझे बताइए. आपकी सलोनी.' मी म्हटलं, अहो, असली पत्रं हजारोंनी छापतात. तर ह्यांनी चष्मा पुसला, बोट पाण्यात बुडवून तिच्या सहीवर फिरवलं, शाई पसरेना, तर काय म्हणतात, "चांगल्या शाईची आहे." आणि वर मला समजावतात, "खाली सही आहे, प्रभा." झालं. कार्ड आलं. त्यावर आम्ही काय घेतलं, तर सरोजिनी नगरातल्या एका दुकानातून एक चादर. एक.

आणि दुसऱ्या महिन्यात बिल आलं, अठरा हजार चारशे, फरीदाबादच्या कुठल्याशा दुकानातून सोफासेट! अहो, आम्ही फरीदाबादला गेलोच नव्हतो. आमचा सोफा तर मी बांधून ठेवला होता, त्यावर बसायलाही कुणाला देत नव्हते. मी म्हटलं, बँकेत फोन करा. तर नाही. ज्याचं पत्र, त्यालाच उत्तर, हा ह्यांचा नियम. बसले लिहायला. 'महोदया, आपके पत्र में दिए गए आश्वासन के अनुसार...' बँकेच्या पत्त्यावर, सलोनीच्या नावाने. उत्तर नाही. मग स्मरणपत्र क्रमांक एक. मग दोन. मी डोक्याला हात लावला की ह्यांचं तेच, "खाली सही आहे, प्रभा, नाही म्हणून चालणार नाही तिला."

तिचं उत्तर नाही आलं, हरीशचा फोन आला. हा वसुलीवाला. पहिल्या दिवशी 'नमस्ते आंटीजी, तबियत कैसी है.' चौथ्या दिवशी 'अंकल को बोलो, सोफे पे बैठना है तो पैसे देने पड़ेंगे.' आणि दहाव्या दिवशी अगदी शांतपणे म्हणाला, "आंटीजी, इकतीस को अंकल की फेअरवेल है ना? मैं वहीं आ जाऊँगा." तुम्हाला सांगते, माझ्या हातातून रिसीव्हर सुटला. छत्तीस वर्षांत एक मेमो नाही ह्या माणसाला, आणि हार घालताना चार लोकांसमोर हा येऊन उभा राहणार? मी ह्यांना न सांगता पाटल्या घेतल्या आणि बसने करोल बागेत सोनाराकडे गेले. त्याने तराजूत टाकल्या. आणि तेव्हा डोक्यात आलं, हे पैसे भरले म्हणजे तो सोफा आम्हीच घेतला असं होईल की! पाटल्या उचलल्या, परत बसमध्ये. उभ्याने आले आणि वाटभर रडत आले.

घरी पोचते तर हे पेपर घेऊन बसलेले. रविवारी सलोनी गुडगावच्या मॉलमध्ये येणार, बँकेच्या कार्यक्रमाला. "समक्ष भेटतो," म्हणाले. सफारी इस्त्री केला, फाइल केली, तिला लाल नाडी बांधली. आणि तिथे काय गर्दी! दोरीपाशी एका धिप्पाड माणसाने अडवलं तर हे त्याला म्हणतात, "मेरा इनके साथ पत्रव्यवहार चल रहा है." सगळी पोरं फिदीफिदी हसली. एकाने तर शिट्टी वाजवली. माझा नवरा, फाइल छातीशी धरून, खाली मान घालून उभा. आणि ती तिकडे निघाली स्टेजकडे, पाठ करून. मला काय झालं कुणास ठाऊक, मी पोटातून ओरडले, अगदी त्या मालिकेतल्या सासूसारखी: "बहू! इधर आ!"

आणि ती वळली हो! दोन वर्षं त्या हाकेला वळायची सवय, करणार काय बिचारी? वळली ती वळली, जवळ आली. ह्यांनी फाइल उघडून दिली. तिने पत्र वाचलं, बिल वाचलं, दोन्ही स्मरणपत्रं वाचली. मग हळूच म्हणाली, "अंकल, ये साइन मेरा नहीं है. मैंने ये चिट्ठी कभी देखी ही नहीं."

हे तिथेच पायरीवर बसले. तिने बाजूला बसून विचारलं, "आपने मेरा चेहरा देखके कार्ड लिया था?"

हे म्हणाले, "चेहरा तो सबका होता है, बेटा. मैंने साइन देखा था."

ती उठली, बँकेच्या टायवाल्या साहेबाला बोलावलं आणि सांगितलं की ह्यांचं काम होईपर्यंत मी स्टेजवर जात नाही. तो आधी हसला, मग घामाघूम झाला. पाऊण तास फोन चालले. शेवटी निघालं काय, तर सोफा दुसऱ्याच कुणा दिनकरने घेतलेला, कार्डाचा नंबर चुकून आमचा पडलेला. मंगळवारी बिल रद्द. एकतीस तारखेला ह्यांनी हार घालून घेतला, भाषण केलं, हरीश काही आला नाही. मी सुटले, असं मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन. रडत होती. त्या दिवशी स्टेजवर उशिरा गेली म्हणून बँकेने तिचे जाहिरातीचे पैसे अडकवले, फोनसुद्धा घेत नाहीत. "अंकल, आप बहुत अच्छी चिट्ठी लिखते हैं..."

आता काय सांगायचं? निवृत्त झाले, पण टेबल सुटलं नाही. सकाळी नऊला अंघोळ करून बसतात, तिच्यासाठी बँकेला लिहायला. सध्या सातवं स्मरणपत्र चाललंय. आणि ती दर रविवारी फोन करून मलाच विचारते, "आंटी, पैसे मिल जाएँगे ना?" मी म्हणते, बिल्कुल मिलेंगे बेटा, भरोसा रख. ज्याची आपल्याला काडीचीही खात्री नाही, ते असं हसून कसं सांगायचं, हे तिच्याच जाहिरातीत बघून शिकले मी.