सासऱ्यांच्या कुलपाचं वय

...बरं, मी शिवी दिली का? नाही. आवाज चढवला का? तुम्हाला सांगतो, मला आवाज चढवताच येत नाही, शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा माझं 'हजर' त्यांच्या टेबलापर्यंत पोचायचंच नाही, त्यामुळे चौथीपर्यंत मी अर्धा गैरहजर, आणि चौथीनंतर पूर्णच. मी काय केलं, तर एका कुलपाचं वय सांगितलं. तेही विचारल्यावर सांगितलं. तेही खरं सांगितलं. आणि त्यावरून घरात बायको बोलेना, सून माझ्याशी बोलायची तर दार लोटून घेऊन, हळूच, चोरासारखी. आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

चाळीसेक वर्षं कुलपं दुरुस्त केली मी. दुकानात आता मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो, विकू दे, त्याला कानस धरता येत नाही आणि मला मोबाइल धरता येत नाही, फिटंफाट. पण वय सांगायचं काम माझ्याकडे राहिलं. आपल्याकडे ते जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे ना, त्या बाई येतात, पिशवीतून कुलपं काढून टेबलावर मांडतात. "काका, हे किती वर्षांचं असेल?" मी बघतो आणि सांगतो. ह्यात जादू काही नाही हो. कडी बघायची. ऐरणीवर ठोकून केलेली कडी मधे जाड, टोकाला बारीक, हात फिरवला की हातोड्याचे खळगे लागतात. कारखान्यातल्या सळईची कडी इथून तिथून सारखी. मग रिव्हेट बघायचे, हातानं ठोकलेल्याचं डोकं जरा वाकडं, यंत्राचं गोल, बटणासारखं. अंग ओतीव आहे का पत्रा दाबून केलंय, पितळ लालसर आहे का पिवळंधमक, आणि किल्ली... किल्ली तर सगळंच सांगते. पोकळ नळीची आहे का भरीव, दाते कानशीनं घासलेत का साच्यात कापलेत. हातानं घासलेले दाते कसे, आपल्या दातांसारखे, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

आणि झीज. खरी झीज एका बाजूला असते. माणूस रोज एकाच हातानं, एकाच अंगानं किल्ली घालतो, तेवढीच कडा गुळगुळीत होते. खोटं जुनं केलेलं कुलूप चहूबाजूंनी सारखं जुनं असतं. एकदा एक हॉटेलवाला आला, त्याला भिंतीवर कुलपं लावायची होती. "आजोबा, ह्यावर दोनशे वर्षं लिहून द्या ना." म्हटलं, ह्याच्या मागे फुलीच्या खाचेचा स्क्रू आहे, बाळा, कालपरवाचा. "मग तो स्क्रू काढून द्या." असली माणसं. तर सांगायचं काय, मी कुणाचं ऐकून वय वाढवत नाही, कुणाला वाईट वाटेल म्हणून कमी करत नाही. आणि हेच घरात केलं, तर माझं काय चुकलं?

झालं असं. संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या, म्हणाल्या, घरातल्या रोजच्या वस्तूंचं एक दालन करतोय, वस्तूशेजारी चिठ्ठी लावणार, कुणाची, कुठली, किती सालची. आमची ही चहा घेऊन आली होती, ती तिथेच उभी राहिली. मग आत गेली, खाटेखालची तिची पेटी ओढल्याचा आवाज आला, आणि कुलूप घेऊन बाहेर आली. ती कधी काही मागत नाही, तुम्हाला सांगतो. चव्वेचाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे दोन वेळा काहीतरी मागितलं, त्यातलं एक पंखा होता. ती बाईंना म्हणाली, "हे माझ्या अण्णांचं."

अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. गोदामावर राखणदार होते. लग्नात लेकीला पेटी दिली आणि स्वतःच्या हातातलं कुलूप तिला लावलं, आणि पुढच्याच वर्षी गेले. त्यांचा फोटो नाही. एकसुद्धा नाही. गोदामाच्या सगळ्या कामगारांचा म्हणून एक काढला होता, त्यात हे दारामागे, कारण दार सांभाळायला कुणीतरी हवं ना. तर हिची इच्छा एवढीच, की काचेच्या कपाटात हे कुलूप राहावं आणि शेजारी अण्णांचं नाव यावं. बाई म्हणाल्या, "वा, फार छान, काका, साल सांगा, म्हणजे लिहून घेते."

आता मी त्या कुलपाला कधी हात लावलेला नव्हता. म्हणजे तेव्हा मला तसं वाटत होतं. पेटी तिची, कुलूप तिचं, किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. मी चष्मा लावला. कडी बघितली, सळईची. रिव्हेट बघितले, बटणासारखे. आणि तोंडातून निघून गेलं, "हे अण्णांचं नाही." बाईंचं पेन तिथेच थांबलं. सून दारात. मी आपला सांगत सुटलो, की असली कडी बाजारात आली तीच मुळी अण्णा गेल्यानंतर, मला पक्कं आठवतं, मी धंद्यात नवीन होतो. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही थांबलो. नखानं गंज खरवडला आणि म्हटलं, "वरची झीज खरी आहे, वापरानं आलेली, पण खालचा गंज खोटा आहे. मीठ आणि व्हिनेगर लावून मातीत पुरलंय. कुणीतरी मुद्दाम जुनं केलंय हे. आणि कामही कच्चं. नवशिका असणार."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हो. नवशिकाच होता." कुलूप उचललं आणि आत गेली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. बशीतलं बिस्किट तसंच ठेवून गेल्या.

मला वाटलं, रडेल, चिडेल, तासाभरात उतरेल. कसलं काय. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, गोळ्या ताटाशेजारी, गरम पाणी बादलीत. फक्त शब्द बंद. अहो, भांडण असतं तर परवडलं असतं. मी म्हणालो, "अगं, आज ऊन फार आहे." तिनं खिडकीचा पडदा ओढला. म्हणालो, "मीठ जरा कमी पडलंय." मीठ पुढ्यात आलं, हात दिसला, बाई दिसली नाही. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" म्हटलं, चिठ्ठीवर खोटं साल गेलं असतं. ती म्हणाली, "मग जाऊ द्यायचं होतं. कोण तपासायला येणार होतं, तुम्हीच ना?" खरं बोललो, माझं काय चुकलं?

मग मी विचार करायला बसलो. अण्णांनी कुलूप दिलं हे तर मी डोळ्यांनी पाहिलेलं, लग्नातच. मग ते गेलं कुठे? बदललं कुणी? माझा संशय मेहुण्यावर. फोन लावला. म्हटलं, खरं सांग, तुझ्या बहिणीच्या पेटीचं कुलूप तू बदललंस का? तो हसायलाच लागला. "भाऊजी, माझ्या स्वतःच्या घराची किल्ली आत राहिली, तर मी दोन तास पायरीवर बसून तुमची वाट बघतो. मी कुलूप बदलणार? आणि तेही गंज लावून? तसलं डोकं आपल्या घरात एकाचंच चालतं." मी फोन ठेवला. तरी माझ्या काही लक्षात आलं नाही बघा.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाशेजारी कुलूप ठेवलेलं. तिनंच ठेवलं. मला वाटलं, परवानगी मिळाली, आता चोर शोधू. बारीक छिन्नी घेतली, रिव्हेट कापले, झाकण उचललं. आत लिव्हर असतात, पितळेच्या पत्र्या, किल्लीचे दाते त्यांना उचलतात. त्या पत्र्या कारखान्याच्या होत्या, पण त्यांची पोटं कुणीतरी कानशीनं परत घासली होती. आणि प्रत्येक घास डावीकडे कललेला.

मी छिन्नी खाली ठेवली. माझे उस्ताद होते, त्यांनी मला पहिली दोन वर्षं एवढ्याच एका गोष्टीवरून झोडपलं. "कानस सरळ धर रे. कुलूप करतोयस का घसरगुंडी?" डावीकडे कलायचा तो हात माझा. पुढे सुधारला. पण तेव्हा कलायचा.

मग सगळं एकामागून एक वर आलं. ही बाळंतपणाला माहेरी गेली होती. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेली, पेटीत जास्तीच्या चादरी आहेत, लागल्या तर काढा म्हणून. मी नवा नवा कारागीर, हाताला खाज. अण्णांचं कुलूप घडीव, जुनं, आतून कसं असेल बघू या, म्हणून उघडलं... आणि बसवताना आतली खुंटी मोडली, ती झाळून जोडायला गेलो तर अंगालाच तडा गेला. दोन तुकडे. अण्णांना जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. मी बाजारभर फिरून त्याच आकाराचं कुलूप आणलं, मीठ लावलं, व्हिनेगर लावलं, कुंडीत पुरलं, रोज उकरून बघायचो गंज धरला का. आणि किल्ली बदलता येईना, कारण किल्ली ती अंधारातसुद्धा बोटांनी ओळखायची. म्हणून जुन्या किल्लीला नवं कुलूप लागावं, असे एकेक लिव्हर घासत बसलो. पंधरा दिवस. ती बाळाला घेऊन आली, किल्ली घातली, उघडलं. काही म्हणाली नाही. मी सुटलो. आणि सुटलेला माणूस विसरतो हो. एक वर्ष भीती वाटली, दोन वर्षं वाटली, मग पोरगं मोठं झालं, दुकान आलं, आणि ते कुलूप माझ्याही मनात अण्णांचंच होऊन गेलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. तिची पाठ माझ्याकडे. म्हटलं, "अगं, तो नवशिका मी होतो."

"मग? मला काय आज कळतंय?"

पहिले शब्द, तीन दिवसांनी.

"तुला कधीपासून माहीत?"

"अण्णांचं कुलूप उघडताना दोनदा वाजायचं. हे एकदाच वाजलं. पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "कुंडीतलं झाड मेलं होतं. तुमच्या बोटांना कानशीचे चरे होते. म्हटलं, फार घाबरलाय माणूस, आज नको. सांगेल आपणहून. मग म्हटलं, पोराच्या वाढदिवसाला सांगेल. मग म्हटलं, आता सांगून तरी काय करायचं, किल्ली तर अण्णांचीच आहे. चाळीस वर्षं मी लोकांना म्हणत आले, हे अण्णांचं कुलूप. कुणासाठी म्हणत होते? आणि तुम्ही चार माणसांत चष्मा लावून मला खोटं पाडलंत, आणि वर म्हणता, काम कच्चं."

आता तुम्हाला विचारणार होतो, माझं काय चुकलं... पण राहू द्या. नका सांगू.

दुसऱ्या दिवशी मी एकटा चालत संग्रहालयात गेलो. बाईंसमोर किल्ली ठेवली, हिच्याकडून मागून आणली होती, दोरा तिनं स्वतः सोडून दिला. म्हटलं, ही बघा. पोकळ नळी, ऐरणीवर वळवलेली, सांधा दिसतोय, दाते हातानं घासलेले, वरची धरायची कडी अंगठ्यानं एका बाजूला झिजलेली. ही कुलपाच्या निदान तीस वर्षं आधीची. ही अण्णांची. ह्याच्यावर माझी सही घ्या. बाई म्हणाल्या, "आणि कुलूप?" कुलपाचंही सांगितलं. सगळं. कुंडीसकट. त्या लिहीत होत्या, मी माझ्या सवयीप्रमाणे सालसुद्धा अचूक सांगितलं.

आता दोन्ही काचेत आहेत. किल्लीच्या चिठ्ठीवर अण्णांचं नाव, खाली 'गोदामाचे राखणदार'. ती वाचताना हिनं काचेला हात लावला, आणि पहारेकऱ्यानं तिला हटकलं नाही, बहुतेक आपल्याच धंद्यातल्या माणसाची लेक म्हणून. कुलपाच्या चिठ्ठीवर 'बनावट, जावयाच्या हातची.' लोक तिथेच जास्त थांबतात. ही मला दर आठवड्याला घेऊन जाते आणि अनोळखी माणसांना बोट दाखवून सांगते, "हेच ते." बोलायला लागली ना, आता थांबत नाही.

पेटी मात्र उघडी राहिली होती. म्हटलं, मी एक चांगलं कुलूप करून देतो. म्हणाली, "नको, तुमचं एक झालं." स्वतः बाजारात जाऊन आकडे फिरवायचं कुलूप घेऊन आली. त्याला किल्लीच नाही. चार आकडे. मी विचारलं, तर म्हणाली, "एक तारीख आहे. तुम्ही सगळ्यांच्या कुलपांच्या तारखा ओळखता ना, मग ओळखा."

लग्नाची लावून बघितली, नाही उघडलं. मुलाची लावली, नाही. तिच्या वाढदिवसाची लावावी, तर ती सुनेला विचारावी लागली, आणि तीही नाही. माझी लोकरीची टोपी त्या पेटीत आहे. थंडीला अजून महिना आहे. तोवर आठवेल काहीतरी.