तिसऱ्या माणसाची गरज

दाढदुखीने गाल टम्म फुगलेली शिंपीणबाई दवाखान्यातल्या बाकावर नंबरची वाट पाहत होती. तिच्या शेजारी दोन म्हातारे मेहुणे-मेहुणे कुजबुजत होते. अख्खं दालन ऐकेल इतक्या मोठ्याने.

“भाऊजी, पक्ष फुटला तेव्हा राज्यात आपले दोन आमदार होते.”

“आणि अध्यक्षपदावर हक्क सांगणारेही तेच दोघे. तू आणि मी.”

“तुम्ही मला पक्षातून काढलंत!”

“त्याआधी तू मला काढलंस. सकाळी सकाळी. मी निदान जेवून तरी काढलं.”

“आता तुमच्या गटात कोण उरलंय?”

“तुझी बहीण होती. परवा म्हणाली, मी तटस्थ. तुझ्याकडे?”

“मी आहे ना, भक्कम.”

“मग एक होऊ या की रे. अध्यक्ष तू हो.”

“छे! वयाचा मान तुमचा.”

“बरं, मी होतो. पण विरोध नाही असं म्हणायला तिसरं माणूस हवं.”

“बाई, तुमचा काही आक्षेप?”

शिंपीणबाईला हसू येत होतं, पण हसलं की दाढ ठणकायची. तिने नुसती मान हलवली.

“एकमताने मंजूर!”

दोघांनी कडकडून मिठी मारली. भाऊजींनी डोळे पुसले.

“बाईंना सरचिटणीस करू, भाऊजी.”

“करू की. माझ्या गटातून.”

“तुमच्या कशा? विचारलं मी!”

“पण बसल्यात माझ्या शेजारी!”

तेवढ्यात शिंपीणबाईचा नंबर लागला. दाढ काढून, तोंडात कापूस धरून ती बाहेर आली, तेव्हा दोघे बाकाच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसले होते.

तिला पाहताच दोघांनीही आपापल्या शेजारची जागा रुमालाने झटकली.